तपकिरी जोडी

पवनीतलं आमचं घर जुनं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. फायबरचा डबा ओसरीत आणि मुलगी मागच्या खोलीत. ती घरूनच नागपूरच्या एका ऑफिससाठी इमारतींचे नकाशे करते. वाय-फाय त्या भिंतींपलीकडे धड पोचेना, म्हणून तिच्या टेबलापर्यंत लॅन केबल टाकायची ठरवली.

केबल घ्यायला भंडाऱ्याला गेलो. सोबत काका होते. त्यांचा उभा जन्म पितळेची भांडी घडवण्यात गेला. दुकानात त्यांनी ब्लेडनं तार खरवडली, ती आतून पांढरी निघाली. "हे तांबं नाही बापू, नुसता मुलामा आहे." आत अ‍ॅल्युमिनियम असलेली अशी केबल स्वस्त पडते, पण वाकवताना लवकर तुटते. आम्ही निव्वळ तांब्याची कॅट-६ घेतली.

ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती. चिंता वाटेची होती. विजेच्या पाइपातून ती नेऊ नये, हे वायरमनला पटवायला बराच वेळ गेला. शेवटी छपराखालून वेगळा पाइप टाकला. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवला आणि जोड्यांचा पीळ अगदी जॅकच्या तोंडापर्यंत राखला. त्या पिळामुळेच बाहेरचा विद्युत-उपद्रव कटतो. तो हवा तसा सोडवणारे कारागीर पाहिले की मला राग येतो.

धान घरात आलं त्या सुमारास मुलीच्या फायली चढायला दुप्पट वेळ लागू लागला. जोडणी २०० एमबीपीएसची, आकडा ९४ च्या पुढे सरकेना. कंपनीकडे तक्रार करा, असं घरचे म्हणत होते. मला मात्र त्या ९४ वरूनच शंका आली. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोनपैकी एखादी तुटली की बहुतेक यंत्रं मुकाट १०० वर उतरतात. लॅपटॉप थेट डब्याला लावून पाहिला, पूर्ण २०० मिळाले. मग केबलला टेस्टर लावला. सातवा दिवा लागेना. म्हणजे पांढरी-तपकिरी तार.

धानाच्या ढोलीमागे पाइपचा जोड सुटला होता आणि तिथंच उंदरांनी केबल कुरतडली होती. पिळून टेप मारा, असा सल्ला मिळाला. मी ऐकला नाही. जुन्या केबलला नवी बांधून ओढून घेतली, ढोलीमागे लोखंडी पाइप घातला. आठही दिवे ओळीनं लागले आणि मुलीनं अडलेले नकाशे पाठवायला घेतले.