स्वल्पविरामाची साक्ष

स्वल्पविराम हें दिसण्यांत क्षुद्र चिन्ह खरें; पण तें कोणत्या कंसांत बसलें आहे हें न पाहतां त्याचा अर्थ लावूं गेल्यास केवढा अनर्थ ओढवतो, ह्याचा अनुभव आम्हांस नुकताच संगणकानें आणून दिला. जुनीं मोडी पत्रें शब्द न तोडतां व विरामचिन्हांवांचून लिहिलीं जात; जाणता वाचक तीं संदर्भानें लावी. यंत्राला मात्र संदर्भ शिकवावा लागतो.

प्रोग्राम लिहिणारे आपल्या कामाच्या परीक्षेसाठीं त्याला साक्षीदार जोडून ठेवितात. 'हें दिलें असतां उत्तर हेंच आलें पाहिजे' असें एकेक ठाम विधान म्हणजे एकेक साक्ष. पायथन भाषेंत तिला 'असर्ट' म्हणतात. आमच्याकडे आलेल्या एका स्क्रिप्टचें काम एवढेंच, कीं ह्या विधानांतील अपेक्षा व चुकल्यास द्यावयाचा संदेश असे दोन भाग वेगळे काढावयाचे. पहिला स्वल्पविराम दिसला कीं ती तेथें सुरी चालवी. मग अवतरणांतल्या 'पुणें, मुंबई' ह्या जोडीचीहि फाळणी होई.

सोबत्यांनीं रेग्युलर एक्स्प्रेशनला ठिगळें लाविलीं. एक लावावें तों दुसरीकडे उसवे. ह्यांत नवल नाहीं. स्टीफन क्लीनी ह्यांच्या १९५६ सालच्या निबंधांत ज्या पदावलींचा पाया आहे, त्यांना कितीहि खोल गेलेले कंस जुळवितां येत नाहींत. शेवटीं आम्ही अक्षरें कापणें सोडलें आणि पायथनच्याच 'एएसटी' ह्या साधनाकडून प्रत्येक विधानाचा व्याकरणवृक्ष करून घेतला. त्यांत आणखी एक लबाडी उघडकीस आली. अपेक्षा व संदेश मिळून एकाच कंसांत घातले, तर पायथन त्यांस एक जोडी समजते, आणि रिकामी नसलेली जोडी नेहमींच सत्य! असा साक्षीदार कशालाहि होकार देतो. पायथन त्याबद्दल ताकीद देते.

परंतु खरा दोष ह्याहून खोल होता. जें विधान उलगडत नसे तें ती स्क्रिप्ट मुकाट्यानें गाळी, आणि उरलेलीं सारीं उत्तीर्ण झालीं असें सांगे. ज्या साक्षीदाराची भाषा समजत नाहीं त्याला घरीं धाडावें आणि 'विरुद्ध पुरावा नाहीं' असा निकाल द्यावा, त्यांतलाच हा न्याय. आणि त्या प्रोग्रामवर शेंकडों कामगारांच्या पगाराचा हिशेब व्हावयाचा होता! न उलगडलेलें विधान ओळीच्या क्रमांकासह उघड सांगावें व काम थांबवावें, असा नियम आम्ही घातला. तोंपर्यंत निर्दोष ठरलेला प्रोग्राम त्याच दुपारीं अनुत्तीर्ण झाला.

एका तरुण सोबत्यानें खिन्नपणें विचारलें, "दुरुस्तीनें सगळें बिघडलेंच कीं हो?"

प्रोग्राम काल होता तसाच आज होता; आज त्याचे साक्षीदार पुरते ऐकले गेले, इतकेंच. पगाराची तारीख येण्यापूर्वींच ते ऐकले गेले, ह्यांत आम्हांस समाधान वाटलें.