बोटीवाल्याच्या घरची हळद

वडिलांनी जमिनीच्या मोबदल्याचे पैसे कसे उडवले, हे मी चारचौघांत हसत सांगायचो. सिडकोने आमच्या उरणकडच्या जमिनी घेतल्या, १९८९ला तिथे बंदर सुरू झालं. शेती आणि मिठागरं गेलेल्या घरांत आधी मोटारसायकल आली, मग लग्नं मोठी झाली. माझं तसं होणार नाही, अशी खात्री होती. माझा पैसा बोटीवरच्या पगाराचा होता, तोही डॉलरमधला.

दर महिन्याचं अलॉटमेंट, म्हणजे पगारातला घरी जाणारा वाटा, मी धाकट्या भावाच्या खात्यात लावलं. बायकोला बँकेतलं काय कळणार? ती लग्नाआधी उरणच्या बाजारात म्हावरं विकायची आणि सगळी उधारी तोंडपाठ ठेवायची, हे सोयीने विसरलो. मुलांच्या फीसाठी तिला दिराकडे हात पसरावा लागायचा. एकदा फोनवर तिने विषय काढला, तर कॉल महाग पडतो म्हणून मी तो तोडला.

पगार यायचा नऊ महिने, खर्च मात्र बाराही महिने चालायचा. साइन ऑफ होऊन बोटीवरून उतरलं की पगार बंद, हे मी घरात कधी सांगितलंच नाही. सुट्टीवर आलेला बोटीवाला असं बोलतो होय? उलट मीच सगळ्यांना पाजायचो.

मग भावाचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. ‘बोटीवाल्याच्या घरची हलद हाय,’ कुणीतरी म्हणालं, आणि मी मंडप वाढवला, बँजो वाढवला, मटण-दारूचं तर विचारूच नका. कर्ज काढलं ते पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या भरवशावर. तेवढ्यात २००८ची मंदी आली. जहाजांची भाडी कोसळली, आणि एजंट ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत राहिला. बायकोचं गंठण गहाण पडलं, ते सुटलंच नाही. घरात वरच्या मजल्याला ग्रॅनाइट होतं, गच्चीवर त्याच्याही वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या गंजत होत्या.

ग्रॅनाइटचा मजला कंटेनर यार्डातल्या यूपीच्या पोरांना भाड्याने दिला. त्यातला एक ट्रेलर चालवायचा. घरी पैसे पाठवले की रात्री आईला फोन लावायचा: खताला किती गेले, सावकाराला किती दिले, हातात किती उरले. जिन्यात उभा राहून मी ऐकायचो. मी बोटीवरून इतकी वर्षं एवढंच विचारत आलो होतो, ‘पैसे मिळाले ना?’

आता मुलगा बोटीवर आहे. त्याचं अलॉटमेंट थेट सुनेच्या खात्यात येतं. सुट्टीच्या महिन्यांचं ती आधीच बाजूला काढते. परवा गावातल्या एका हळदीच्या आहेरासाठी मी तिच्याकडे पाच हजार मागितले. तिने पाचशे दिले.