कोकणच्या पुळणीवरची माहेरवाशीण

मैत्रिणींनो, बाळंतपणाला माहेरी जायची रीत काही आपलीच नव्हे बरं का! ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवीण अंडी घालायला बहुधा आपल्या जन्माच्या किनारपट्टीवरच येते, असं शास्त्रज्ञ मानतात. फरक एवढाच, की हिच्या उशापायथ्याशी कोणी नसतं. रात्री एकटीनंच पुळणीवर चढायचं, मागच्या पायांनी खड्डा उकरायचा, शंभर-सव्वाशे अंडी घालायची, वर वाळू लोटायची आणि पुन्हा पाण्यात!

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. इथली अंडी पूर्वी माणसं नि कोल्हीकुत्री पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांच्या मदतीनं ती राखायला सुरुवात केली. कुंपणात पुरून ठेवलेल्या अंड्यांतून ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात, ती समुद्राकडे सोडतात.

पिल्लांचं झालं, पण आई कुठं जाते?

ते कळावं म्हणून जानेवारी २०२२ मध्ये डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि आपलं कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पाठोपाठ आंजर्ल्याची 'सावनी' आणि गुहागरच्या 'वनश्री', 'रेवा' नि 'लक्ष्मी'. (नावं कशी, अगदी आपल्या शेजारणींची!) मादी श्वास घ्यायला वर आली, की यंत्र तिचा ठावठिकाणा कळवतं. "बाई, तिला ते टोचत नाही?" असं माझ्या वर्गातल्या मुली विचारतात. नाही. अंडी घालून झाल्यावर पाठ स्वच्छ पुसून ते नुसतं चिकटवतात. पुढं कधीतरी आपोआप गळून पडतं.

लक्ष्मीचे संदेश मात्र लवकरच थांबले. यंत्र बिघडलं, की तिचंच काही बरंवाईट झालं? कासवाला हवेतच श्वास घ्यावा लागतो. मासेमारीच्या जाळ्यात बराच वेळ अडकलं, तर ते चक्क बुडून मरतं. म्हणून तर या वाटा कळायला हव्यात. किनाऱ्यावर अंडी राखायची आणि आई जाळ्यात जायची, यात काय अर्थ?

२०२३ मध्ये गुहागरला यंत्र लावलेली 'बागेश्री' तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली! आणि २०२१ साली ओडिशात पायाला धातूचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आता हिचं माहेर पूर्वेचं म्हणायचं की पश्चिमेचं?

वेळासला जायचं तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हे दिवस धरा. पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. पण कधी निघतील याचा नेम नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. गावात घरोघरी राहण्याजेवणाची सोय होते. विजेरी नि फोनचा उजेड मात्र पुळणीवर नको. पिल्लं उजेडाच्या रोखानं धावतात, ती समुद्राऐवजी तुमच्याकडेच येतील.