साखळीचे हात

वऱ्हाडचे जुने दोन भाग सांगतात : घाटाखालचा तो पयनघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. अकोल्याहून दक्षिणेस निघावें, पातूर मागें टाकावें, कीं रस्ता डोंगरांत शिरतो आणि मेडशीच्या सुमारास प्रवासी बालाघाटांत आलेला असतो. हाच आजचा वाशीम जिल्हा. इंग्रजी अमलांत तो एकदां स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोल्यांत घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत.

वाचकांना ह्या भूमीची ओळख बहुधा देवस्थानांमुळें असते. कारंजें हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान. वाशिमांत भवानी काळू यांनीं अठराव्या शतकांत बांधिलेलें बालाजीचें देवालय आहे. पोहरादेवीस बंजारा समाजाचा मेळा भरतो. परंतु वाशिमाचें मोठेपण त्याहून जुनें आहे. हेंच वाकाटकांच्या एका शाखेचें राजधानीचें नगर वत्सगुल्म. राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह लावला तो याच वत्सगुल्मांत. अशा नगरीच्या जिल्ह्याची गणना २०१८ सालीं केंद्र सरकारनें विकासांत मागें पडलेल्या, परंतु पुढें येऊं इच्छिणाऱ्या जिल्ह्यांत केली. महाराष्ट्रांतील असे जिल्हे चारच होते. दैवाचे फेरे, दुसरें काय!

तथापि आज आम्ही लिहावयास बसलों आहों तें देवळांविषयीं नव्हे व राजधानीविषयींही नव्हे. ह्या जिल्ह्यांत आम्हीं जो एक हुतूतूचा सामना पाहिला, त्याविषयीं कांहीं सांगावें असें मनांत आहे.

माघ महिना होता. सोयाबीन केव्हांच विकून झालें होतें, तुरी खळ्यांत येऊन पडल्या होत्या आणि शेतांत हरभरा घाट्यांनीं भरला होता. मंगरूळपीर तालुक्यांतील एका गांवीं आमच्या स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. गांवची यात्रा चालू होती व यात्रेनिमित्त आसपासच्या आठ गांवांचे कबड्डीचे सामने ठेवले होते. पटांगण नांगरून, दगड वेंचून, पाणी मारून मऊ केलेलें. भोंवतीं बांबूचे कठडे. चार खांबांवर विजेचे दिवे. बायका बैलगाड्यांवर व ट्रॅक्टरांच्या डब्यांत बसलेल्या, म्हातारे पुढें गोणपाटावर आणि पोरें तर जेथें जागा सांपडेल तेथें. दुसऱ्या रात्रीं अंतिम सामना झाला, यजमान गांवचा संघ जिंकला, बक्षिसाची रक्कम व ढाल दिली गेली. लोक उठणार, इतक्यांत ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला कीं, आतां उरलेल्या सात गांवांतून पंचांनीं निवडलेले सात उत्तम गडी विजयी संघाशीं एक डाव खेळतील. जिंकेल त्यास मानाचा नारळ! उठलेले लोक पुन्हां बसले.

आमच्यासमवेत आमच्या भगिनीचे चिरंजीव होते. बारा वर्षें अमेरिकेंत नोकरी करून ते नुकतेच सुटीवर आले होते. ते हंसून म्हणाले, “मामा, हा तर आमचा ‘प्रो बोल’च झाला! निवडक सात विरुद्ध एक गांव. नारळ निवडकांचाच समजा.”

हा प्रो बोल म्हणजे काय तें येथें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या ओळखीचा पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. दोहों पक्षांस अकरा अकरा गडी असतात, चेंडू अंडाकृति असतो, आणि तो मुख्यतः हातांत घेऊन किंवा हातानें फेंकून प्रतिपक्षाच्या हद्दीपलीकडे न्यावयाचा असतो. प्रतिपक्षानें त्या गड्यास धरून, धडक देऊन जमिनीवर पाडावयाचें. म्हणजे एका अर्थीं आपली चढाई आणि आपली पकडच. फरक इतकाच कीं, शिरस्त्राणें व छातीखांद्यांवर कवचें घालूनही तेथें हाडें मोडतात. ह्या खेळाच्या धंदेवाईक संघांतून वर्षांतले उत्तमोत्तम खेळाडू निवडून त्यांचा जो सामना करीत, तो प्रो बोल. त्याचा आरंभ १५ जानेवारी १९३९ रोजीं लॉस एंजलिस शहरीं झाला. त्या वेळची रीत आमच्या यात्रेंतल्यासारखीच होती : एका बाजूस त्या वर्षींचा विजेता संघ आणि दुसऱ्या बाजूस इतर सर्व संघांतले निवडक गडी.

आतां आमच्या पटांगणाकडे वळूं. निवडकांचा आरंभ मोठा झोंकांत झाला. त्यांच्यांत मानोऱ्याकडचा एक उंच, सडपातळ तरुण होता. त्याचा दम लांब आणि पाय चपळ. तो निदानरेषा ओलांडून आंत जाई, कोपऱ्यांतल्या गड्यास हुलकावणी देई आणि एकास दोन बाद करून परत येई. पहिल्या दहा मिनिटांत यजमानांवर लोण चढला. आमच्या भाच्यांनीं आमच्याकडे सूचक दृष्टीनें पाहिलें.

परंतु दुसऱ्या भागांत रंग पालटला. चढाई हें एकट्याचें काम. तेथें निवडकांना तोड नव्हती. पकडीची गोष्ट मात्र निराळी. तेथें दोघे हातांत हात गुंफून साखळी करतात. एकानें पाय धरला कीं दुसऱ्यानें कंबर धरावयाची, एकानें पुढून अडविलें कीं दुसऱ्यानें परतीची वाट रोधावयाची. आणि हें सारें डोळ्याचें पातें लवेपर्यंत. निवडकांचे दोन्ही रक्षक आपापल्या गांवचे नामांकित. दोघेही एकाच पायावर झेंपावले, त्यांचीं डोकीं एकमेकांवर आदळलीं आणि चढाई करणारा मधून निसटला! असें तीनदां झालें. यजमानांच्या डाव्या कोपऱ्यांत मात्र दोघे चुलतभाऊ होते. एका घरांत वाढलेले, एकाच औतामागें चाललेले. ते एकमेकांकडे पाहतसुद्धां नव्हते. एकाचा हात सैल झाला कीं दुसऱ्यास कळे कीं आतां झेंप घ्यावयाची आहे. मानोऱ्याच्या त्या तरुणास अखेर त्यांनींच मध्यरेषेपासून हातभर अंतरावर दाबून धरलें. त्याचा दम तुटला आणि लोकांच्या आरोळीनें पटांगण दणाणलें. नारळ गांवाकडेच राहिला.

निवडकांनीं कसूर केली असें मुळींच नाहीं. पण प्रत्येक जण आपापल्या गांवासाठीं खेळत होता. त्या सातांचें मिळून असें गांव नव्हतें.

परततांना भाच्यांनींच आम्हांस एक हिशेब सांगितला. १९३९ पासून १९४२ अखेर प्रो बोलचे पांच सामने झाले. पहिला न्यूयॉर्क जायंट्स या विजेत्या संघानें निवडकांविरुद्ध १३–१० असा जिंकला. पुढचा ग्रीन बेच्या संघानें जिंकला, आणि नंतरचे दोन्ही शिकागोच्या संघानें. केवळ पांचव्यांत निवडकांनीं वॉशिंग्टनच्या संघास १७–१४ असें हरविलें. साऱ्या देशांतून वेंचलेले गडी पांचांपैकीं चार वेळां एकजीव संघापुढें हरले! आमच्या वाशीमच्या मातींत जें दिसलें तेंच सातासमुद्रांपलीकडे घडलें होतें.

महायुद्धामुळें तो सामना बंद पडला. १९५१ सालीं पुन्हां सुरू झाला तेव्हां त्याचें रूप बदललें होतें. आतां दोन्ही बाजूंस निवडकच. आपला म्हणावा असा संघ कोणाचाच नाहीं. १९८० पासून तीस वर्षें तो हवाई बेटांवर होनोलुलूस होत असे. समुद्रकांठ, सुटी, सहकुटुंब मुक्काम. सामना त्याच्या जोडीला. अशा सामन्यांत कोण अंग मोडून घेणार? खेळाडूचें शरीर हेंच त्याचें वतन. १९९९ सालीं रॉबर्ट एडवर्ड्स नांवाच्या एका उमद्या खेळाडूचा गुडघा त्याच आठवड्यांत वाळूवर खेळल्या गेलेल्या एका हलक्याफुलक्या डावांत निखळला. पाय कापावा लागतो कीं काय अशी वेळ आली, आणि पुन्हां मैदानावर येण्यास त्याला २००२ साल उजाडलें. इतरांनीं त्यावरून धडा घेतला असल्यास त्यांस दोष कोणीं द्यावा?

त्यामुळें पकडी लटक्या होऊं लागल्या. २००७ सालीं शॉन टेलर यानें ब्रायन मूरमन यास खरोखरीची धडक देऊन उडविलें, तर तीच एक मोठी वार्ता झाली. मूरमन उठून उभा राहिला म्हणून बरें. २०१० पासून हा सामना वर्षाच्या अंतिम सामन्याच्या आधीं होऊं लागला, म्हणून सर्वांत बलिष्ठ अशा दोन संघांचे गडी त्यांत येईनातसे झाले. जिंकणाऱ्यांस हरणाऱ्यांच्या दुप्पट पैसे ठेवूनही कोणाच्या अंगांत वारें भरेना. अखेर फेब्रुवारी २०२२ मध्यें लास व्हेगास येथें धडक-पकडीचा शेवटचा सामना झाला, आणि २०२३ पासून त्या जागीं कमरेला लावलेली पट्टी ओढून घेण्याचा सौम्य खेळ आला. मौजेची गोष्ट अशी कीं, हा पट्टीचा फुटबॉल २०२८ च्या ऑलिंपिकांत घ्यावा असा निर्णय आपल्या मुंबईसच, १६ ऑक्टोबर २०२३ रोजीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बैठकींत झाला. आणि तें ऑलिंपिक भरावयाचें आहे लॉस एंजलिस येथें, जेथें १९३९ सालीं पहिला प्रो बोल झाला होता. आपल्या हुतूतूचें प्रात्यक्षिक अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालींच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं दाखविलें होतें. तो खेळ मात्र अद्याप ऑलिंपिकच्या दाराबाहेर उभा आहे.

भाच्यांचें म्हणणें असें कीं, लटकी पकड करण्यापेक्षां पट्टी ओढणें अधिक प्रामाणिक. तें आम्हांस पटलें. पण त्यांना एक कोडें सुटत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओसरीवर बसले असतां त्यांनीं गांवच्या वृद्ध वस्तादांस विचारलें, “बक्षीस तर आधींच मिळालें होतें. एका नारळासाठीं एवढा जीव कां टाकावा? ह्या मुलांचे पाय मोडले असते तर शेत कोणीं केलें असतें?”

वस्ताद अंमळ थांबून म्हणाले, “पाय मोडला तं घरचे पाहतीन, बापू. पन साखळीतला हात सोडला तं मंग कोन कोनाकडं पाहीन?”

ह्या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला. अमेरिकेंतल्या खेळाडूचें शरीर हें त्याचें वतन, तसेंच ह्या मुलांचेंही आहे. किंबहुना अधिकच, कारण तेथील करारनामे व वैद्य येथें नाहींत. तरी हीं मुलें निःशंक उडी घेतात, कारण पडल्यास उचलणारे हात आहेत हें तीं जाणून आहेत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

परंतु साखळीचें गुणगान करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवूं नये. साखळी जशी सांवरते तशी ती जखडतेही. मानोऱ्याकडचा तो तरुण आम्हांस दुसऱ्या दिवशीं भेटला. जिल्ह्याच्या निवडचांचणीस जावें अशी त्याची इच्छा. घरचे म्हणत, हरभरा काढावयाचा आहे, खेळ कसला घेऊन बसलास? २०१४ सालीं प्रो कबड्डीचे सामने सुरू झाल्यापासून खेड्यांतल्या कित्येक मुलांस ह्याच मातीच्या खेळानें पोटापाण्यास लावलें आहे. त्या वाटेचें पहिलें दार निवडीचें, आणि तेथें ज्याचें त्यानें एकट्यानेंच शिरावयाचें असतें. ज्या घरानें पडल्यावर उचलावयाचें, त्यानेंच धांवणाऱ्याचा पाय धरून ठेवावा हें बरें नव्हे. आमच्या स्नेह्यांनीं त्याच्या वडिलांकडे शब्द टाकण्याचें कबूल केलें. हरभऱ्याच्या राशीला दोन माणसें अधिक लावावीं लागतील. तीं चुलत्याच्या घरून मिळतील असें बोलणें चाललें होतें.

बालाजीच्या दर्शनास किंवा कारंज्यास गुरुमंदिरीं जाणाऱ्या वाचकांस आमची एक विनंती आहे. माघ-फाल्गुनांत गेलांत तर कोणत्या गांवीं सामने आहेत याची सहज चौकशी करा व एक रात्र वाट वांकडी करून तेथें रहा. रात्रीं थंडी असते, घोंगडी बरोबर असूं द्यावी. बसावयाचें तें कोपऱ्यांतल्या गड्यांच्या मागच्या अंगास; चढाई कोठूनही दिसते, हात मात्र तेथूनच दिसतात.