खट्ट आवाजाचा शोध

नांदेडहून लोहा, अहमदपूर या मार्गे लातूरला जाताना आमच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमधून, क्लच सोडताच ‘खट्ट’ असा आवाज येई. दोष आम्ही तरुण चालकाच्या पायाला दिला, आणि तोही चारचौघांत. तो खाली मान घालून गाडी हाकीत राहिला.

लातूरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी इंजिन बंद केले, चाकांना पुढून-मागून दगड लावले, गाडी गियरमध्ये ठेवली आणि खाली शिरून मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरविला. ‘‘फादर, थोडी ढिलाई असायचीच. दातांत दात आवळून बसले, तर तापून झिजतील.’’ गियरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल असा ठिकठिकाणचा अल्प खेळ एकत्र होतो. शिवाय डिफरन्शियलचे प्रमाण पाचास एक असेल, तर चाकाकडील 1 अंशाची ढिलाई शाफ्टवर 5 अंश दिसते. म्हणून एकूण खेळावरून निवाडा करू नये. एकेक सांधा तपासावा. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी स्थिर राहिली, की दोष तेथेच.

शाफ्टच्या सांध्यातील क्रॉस सैल झाला होता. उघडून पाहतो तो बेअरिंगच्या सुया कोरड्या, गंजून तांबूस झालेल्या. कित्येक महिने तेथे ग्रीस पोहोचले नव्हते, आणि ते वेळच्या वेळी भरवून घेण्याचे काम आमचे होते. सांधा वाटेत तुटता, तर शाफ्ट रस्त्यावर आपटला असता.

नवा क्रॉस बसला, आवाज थांबला. परतताना अहमदपूरला चहाच्या टपरीवर आम्ही चालकाची क्षमा मागितली. तीही चारचौघांतच.