पासष्ट सेकंदांचं मिनिट

जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायच्या तर मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची एक डबी लागते. एका बाजूला टेपरेकॉर्डरची वायर, दुसऱ्या बाजूला यूएसबी. आवाजाचे आकडे करायचे हे तिचं काम. म्हणजे माझ्याच जातीची.

ती बिघडली की बहुधा ओरडून सांगते. लॅपटॉपला चार्जर लावला की घुंऽऽ सुरू होतं. चार्जर काढून बॅटरीवर काम करावं. तडतड होत असेल तर बफर 64चा 512 करावा आणि हब टाळून वायर थेट संगणकात खुपसावी. बफर वाढला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, पण कॅसेटला त्याचं काय!

मला छळलं ते न ओरडणाऱ्या बिघाडानं. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी इथे भोपाळमध्ये बसून हिंदीत आणते आहे. आत्या आता नाही. 'गं बाई' किती लांबतं, ओळ कुठे वळते, हे कागदावरच्या ओवीत नसतं. ते त्या एका साठ मिनिटांच्या फितीवरच आहे. फाईल अगदी स्वच्छ उतरली. फक्त आत्या जरा घोगरी, थकलेली वाटत होती. आतेबहीण फोनवर म्हणाली, "शेवटी शेवटी आवाज बसलाच होता गं आईचा." पटण्यासारखं होतं, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. सफाईदार पण चुकीचा अनुवाद असाच पटतो.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी माझी आई पेटीवर भजनाचा सूर धरते. ती पेटी माझ्याकडे आहे. आईची पट्टी काळी पाच. फाईलमधला सूर मात्र काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधल्या फटीत. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला असेल म्हणून हेडफोन थेट त्यालाच लावला. काळी पाच! म्हणजे दोष पुढे कुठेतरी. मग घड्याळ लावून एक मिनिट नोंदवलं. फाईल भरली पासष्ट सेकंदांची.

त्या पाच सेकंदांत सगळं आलं. सीडीसाठी आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात, व्हिडिओसाठी 48,000. (44,100 हा विचित्र आकडाही व्हिडिओचीच देणगी: सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत, चित्राच्या दर रेषेत तीन नमुने.) डबी 48,000 नमुने पाठवत होती, सॉफ्टवेअर ते 44,100च्या हिशेबानं मांडत होतं. म्हणून चाल आठ टक्क्यांनी मंद आणि सूर सुमारे दीड पट्टी खाली. दोघांनी एकमेकांना विचारलंच नव्हतं.

सूर चढवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती इथे वापरू नये, कारण त्यात संगणक मनचे आकडे रचतो. आत्याचे आकडे सगळे खरे होते, त्यांच्यावरची पाटी तेवढी चुकीची. पाटी 48,000ची केली. ती जीर्ण फीत पुन्हा घासावी लागली नाही.

आता आत्या मोकळ्या गळ्यानं गाते. मंद फाईलमध्ये ओळीच्या शेवटी ती दमून थांबल्यासारखी वाटायची. तिथे ती थांबतच नाही, खुंटा धरून पुढच्या फेऱ्यात जाते. हिंदी मसुद्यातले दोन स्वल्पविराम मी काल काढले.