ती चर्चमध्ये का गेली, हे आधी आपल्यालाच विचारू या

आमच्या नागपुरातल्या वस्तीतली एक ताई मेथडिस्ट चर्चची सभासद होणार, ही बातमी विहारात आली आणि गलका झाला. "बाबासाहेबांचा धम्म सोडला." "तांदळाच्या पोत्याला भुलली." आम्ही समाजकार्यातले, त्यात समाजशास्त्रात एम.ए. झालेले; तेव्हा तिला समजावण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही गेलो. तिने चहा दिला आणि म्हणाली, "भाऊ, रविवारी तुम्हीच या. पाहा, मग बोला."

रविवारी आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पेटी-तबल्यावर मराठी गीते झाली, शास्त्रवाचन झाले, उपदेश झाला. ईश्वराविषयी जे सांगितले गेले ते आम्हाला पटले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस तिथे मान डोलावू शकत नाही. सगळे प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा आम्हीही आदराने उभे राहिलो, प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसलो. कोणी आग्रह केला नाही.

मग ताईला पुढे बोलावले. तिचा बाप्तिस्मा आधीच झाला होता, काही महिने शिकवणीही झाली होती. पाळकांनी सर्वांसमक्ष विचारले: प्रार्थनेने, हजेरीने, दानाने आणि सेवेने या मंडळीला साथ देशील का? ती "हो" म्हणाली. पण त्यानंतर पाळक वळले आणि बाकांवरच्या लोकांना त्यांनी विचारले, तुम्ही हिला सांभाळाल का? सगळ्यांनी मिळून होकार दिला. वचन एकतर्फी नव्हते. आम्ही तिथेच अडकलो.

बाहेर आल्यावर ताईने सांगितले. नवरा गेला तेव्हा विहारातून माणसे आली, अंत्यविधी झाला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही व्यवस्थित झाला. त्यानंतर कोणी दार वाजवले नाही. शेजारची ख्रिश्चन बाई मात्र रोज संध्याकाळी येऊन बसायची, पोराच्या शाळेचा फॉर्म तिनेच भरला. "तांदूळ नाही मिळाला भाऊ, माणूस मिळालं."

अंत्यविधीला आम्हीही होतो. नंतर आम्हीही गेलो नव्हतो. हे इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

आता 'लालूच' या आरोपाचा हिशेब करू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिश्चन झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. आपल्या बौद्धांनाही केंद्रात त्या १९९० मध्ये मिळाल्या. म्हणजे कागदावर ही बाई गमावूनच गेली. तिला विकाऊ म्हणणे हा आपला आळस झाकण्याचा मार्ग आहे.

याचा अर्थ चर्च म्हणजे समता असा नाही. ख्रिश्चन झालेल्यांमध्ये जात कशी टिकून राहते, यावर बाबासाहेबांनी सडेतोड लिहिले आहे. अमेरिकेत तर मेथडिस्ट चर्चमधल्या भेदभावामुळे रिचर्ड ॲलन आणि त्यांचे काळे सोबती फिलाडेल्फियातल्या चर्चमधून बाहेर पडले आणि १८१६ मध्ये त्यांनी स्वतंत्र चर्च उभे केले. ताईलाही आम्ही हे सांगितले. ती म्हणाली, "जात दिसली तर तिथेही भांडीन. भांडायला तुमच्याच विहारात शिकले."

पण मेथडिस्टांची एक गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टलला त्यांच्यावर इमारतीचे कर्ज होते. ठरले असे की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा-बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती जमवायची. पैसे मागायला गेलेला माणूस घरातली सुखदुःखे पाहून येऊ लागला. जॉन वेस्लींनी हे ओळखले आणि त्यातूनच त्यांच्या संघटनेचा पाया घातला गेला. कोण आजारी आहे, कोणाचे काम सुटले, हे दर आठवड्याला कळू लागले.

हे वाचून कोणी म्हणेल, आता चर्चची नक्कल करायची काय? गरजच नाही. १५ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकारही दिला होता. म्हणजे धम्म चालवण्याची जबाबदारी घराघरावर टाकली होती. आपण त्याची वर्गणी केली, वर्गणीचा मंडप केला आणि मंडपात डीजे लावला. चौदा एप्रिलला आणि दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जमतो, याचा अभिमान आहेच. पण आपल्याला गर्दी मोजता येते, माणूस मोजता येत नाही. तीन रविवार वंदनेला न दिसलेला माणूस कोण, हे आपल्या किती विहारांत कोणाला ठाऊक असते?

ताईला आम्ही परत आणले नाही. तिचा निर्णय तिचा आहे. धर्म निवडण्याचा हक्क बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवला. तिच्या घरी मात्र आता जातो. आणि आम्ही पाच जणांनी वस्तीतली दहा-दहा घरे वाटून घेतली आहेत. रविवारी वंदना झाली की चपला घालायच्या आणि निघायचे. वर्गणीचे पुस्तक घरी ठेवून जायचे.

तुमच्या विहाराची दहा घरे कोणती?

जयभीम. नमो बुद्धाय.